आठ महिन्यांचं विरजण

मे महिन्यात नांदेडमध्ये बावीस अंश तापमान असलेली खोली मला एकच माहीत आहे, आणि ती माणसांसाठी नाही. ती अमिबांसाठी आहे. आमच्या विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असतं, वॉचमन डोक्यावर ओलं उपरणं घेऊन बसलेला असतो, आणि आत आमची मंडळी काचेच्या फ्लास्कमध्ये मजेत डुलत असतात. उन्हाळा लागला की सगळ्या विभागाला या अमिबांविषयी अचानक जिव्हाळा वाटू लागतो. विभागप्रमुख तर रोज दुपारी दोनला त्यांची तब्येत विचारायला येत. एसीखाली खुर्ची ओढत, डोळे मिटत, आणि अर्ध्या तासाने "छान वाढून राहिलेत" असं सांगून जात. फ्लास्ककडे त्यांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वीस वर्षं फळ्यावर अमिबा काढला, पण डॉक्टरेट तेवढी राहून गेली होती. मुलगी शिकायला बाहेर पडली आणि मी नाव नोंदवलं. मग घर, पेपर तपासणी, निवडणुकीची ड्युटी यांत वर्षं गेली. मुदत दोनदा वाढवून मिळाली. तिसरी आणि शेवटची वाढ ऑगस्टअखेरपर्यंत होती. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. कॉलेजने एक वर्षाची रजा दिली आणि मी सोमवार ते शुक्रवार नांदेडला, शनिवार-रविवार लातूरला असं जगू लागले.

माझे मार्गदर्शक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे, आणि मी खोलीत आले की ते खुर्चीवरून उठायचे. बाहेरचा माणूस आला की तो हमखास मलाच नमस्कार करून विचारायचा, "मॅडम, हा तुमचा विद्यार्थी का?"

आता त्या अमिबांची ओळख करून देते. इंग्रजीत त्यांना स्लाइम मोल्ड म्हणतात, पुस्तकी मराठीत श्लेष्मकवक. ते पानांच्या कुजक्या थराखाली मातीत राहतात, प्रत्येक जण एकटा, आणि बॅक्टेरिया खातात. खाणं असेपर्यंत कुणाची कुणाला ओळख नसते. खाणं संपलं की मात्र हे एकमेकांना हाका मारतात. तोंडाने नव्हे, एक रसायन सोडून. मग हजारो जण गोळा होतात, त्यांचा एक गोळा होतो, आणि शंख हरवलेल्या गोगलगाईच्या पिल्लासारखा तो गोळा उजेडाकडे सरपटत निघतो. योग्य जागा मिळाली की थांबतो आणि उभा राहतो. काही जण स्वतः मरून देठ होतात आणि उरलेले त्या देठावर चढून बीजाणू होऊन बसतात, वाऱ्याची किंवा एखाद्या मुंगीची वाट बघत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी सरांना म्हटलं, "वीस वर्षं मी मुलांना चुकीचा अमिबा शिकवला." सर म्हणाले, "चुकीचा नाही मॅडम. पोट भरलेला."

माझं काम एका जीनचं होतं. तो काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जीनचं काम शोधण्याचा सरळ मार्ग म्हणजे तो काढून टाकायचा आणि कुठे काय अडतं ते बघायचं. मी आठ दिवस माहेरी मुरुडला गेले की माझं घरातलं काम सगळ्यांना नीट कळतं, तसंच.

पण काढायचा कसा? तो काही चिमट्यात येत नाही. त्याच्या जागेवर दुसरं काहीतरी बसवावं लागतं. सरांनी दोन तास फळ्यावर समजावलं. मला मात्र ते कळलं शुक्रवारी, लातूरच्या गाडीत. माझ्या पुढच्या बाकावर तिघी होत्या. लोह्याला मधली चहा प्यायला उतरली आणि तेवढ्यात एक नवीन बाई चढली. ती खिडकीपाशी बसलेल्या बाईची मामेबहीण निघाली आणि कडेच्या बाईची जुनी शेजारीण निघाली. दोघींनी "ये की गं, बस की" करत तिला मधे ओढून घेतलं. चहा पिऊन आलेली बाई अहमदपूरपर्यंत उभी.

आम्ही हेच करतो. डीएनएचा एक तुकडा बनवतो. त्याची दोन टोकं त्या जीनच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी तंतोतंत जुळणारी, आणि मधे मात्र आमचा माणूस. विजेचा हलका झटका देऊन तो पेशीत ढकलायचा. पेशी टोकं जुळवते, फसते, आणि खऱ्या जीनला उठवून आमच्या माणसाला बसवते. या आमच्या माणसाला एक विष पचतं. म्हणून नंतर फ्लास्कमध्ये ते विष घालायचं. ज्यांच्यात तो बसला ते जगतात, बाकीचे मरतात. पण काही तुकडे ठरलेली जागा सोडून खिडकीतून रुमाल टाकल्यासारखे भलत्याच ठिकाणी घुसतात आणि तेही जगतात. म्हणून वाचलेल्या एकेकाचा शेजार तपासत बसावं लागतं. शंभरात दोन-चार मिळाले तरी आमच्यात सण असतो.

हे सगळं मी केलं. नीट केलं. चूक केली ती त्याआधीच.

पहिल्याच दिवशी सरांनी मला फ्रीजमधल्या छोट्या नळ्या दाखवल्या होत्या. सिलिकाच्या खड्यांवर सुकवलेले बीजाणू, झोपलेले. "दर महिन्याला यातले चार खडे काढून नवीन कल्चर सुरू करायचं," ते म्हणाले, "आणि चालू असलेलं टाकून द्यायचं." मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघाही मारल्या. आणि ते कधीच केलं नाही.

त्याचं कारण माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. उदगीरकडच्या, माहेरी किराणा दुकान, घरात निम्मं बोलणं कानडी. लग्न होऊन लातूरला आल्या तेव्हा सोबत एका लहान तांब्यात माहेरचं विरजण घेऊन आल्या. त्याचंच दही दुसऱ्या दिवशीचं विरजण, त्याचं तिसऱ्या दिवशीचं. भूकंपाच्या वर्षी घरचे सगळे अंगणात झोपत होते, तेव्हाही म्हणे त्या संध्याकाळी आत जाऊन विरजण लावून यायच्या. मी सून म्हणून आले तेव्हा चावीच्या जुडग्याच्या आधी माझ्या हातात विरजणाची वाटी दिली गेली. "मोडू देऊ नको," एवढंच सांगितलं होतं.

अशा बाईच्या हाताखाली तयार झालेल्या सुनेला कुणी सांगितलं की चांगलं चालतं कल्चर दर महिन्याला मोरीत ओत, तर तिचा हात होईल का? माझा झाला नाही. मी दर तीन दिवसांनी फ्लास्कमधून थोडं काढून नव्या फ्लास्कमध्ये घालायची, त्यातून पुढच्यात, असे आठ महिने. दिवाळीत भाऊबीज उरकून दुपारच्या गाडीने नांदेडला आले, कारण त्या दिवशी बदलायचा वार होता. अमिबा वाढतही फक्कड होते. सर विचारायचे, "कल्चर कसं आहे?" मी म्हणायची, "एकदम छान." खोटं काहीच बोलले नाही. फक्त सरांना वाटत होतं मी दर महिन्याला नवीन लावते, आणि ते तसं वाटू दिलं.

एप्रिलमध्ये मला जीन बदललेल्या पेशी मिळाल्या. शेजार तपासला, दोन्ही बाजू बरोबर. मग त्यांना उपाशी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर बशीत काहीच घडलेलं नाही. गोळा नाही, गोगलगाय नाही, देठ नाही. सपाट, उन्हात वाळलेल्या खळ्यासारखी बशी. नेहमीचे अमिबा कसे उभे राहतात याचे सरांनी पूर्वी काढलेले सुंदर फोटो होते. मी ते शेजारी ठेवले. फरक आंधळ्यालाही दिसला असता. म्हणजे हा जीन गोळा होण्याचा. तो नसेल तर हाक ऐकूच येत नाही.

कधी आवाज न चढवणारे सर त्या दिवशी जिना उतरून स्वतः पेढे घेऊन आले. समितीपुढे सादरीकरण झालं. समितीत विभागप्रमुखही होते. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि उत्तम म्हणाले. लातूरला बातमी माझ्या आधी पोचली. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला, 'जागतिक संशोधनाबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली अकरा शुभेच्छुक, त्यात कँटीनवालाही. फोटो माझा दहा वर्षांपूर्वीचा, चुलत दिराच्या लग्नातला, नथीसकट. मी रिक्षातून उतरून दोन मिनिटं बघत उभी राहिले. बाई छान दिसत होती.

पुढच्याच रविवारी दुपारी जेवायला बसलो. आत्याबाईंनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही वाढलं. मी दह्यात चमचा घालून उचलला, तर दहीही त्याच्याबरोबर वर आलं.

"आत्याबाई, दह्याला तार सुटलीय."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून असंल. तुम्ही कुणी बोललात का? समदे गप खाऊन राहिलेत. मी म्हणलं, शिकलेल्या लोकांना असंच आवडत असंल."

"मग तुम्हाला कळलं तर बदललं का नाही?"

"कळलं कुठं? रोज थोडं थोडं बिघडतंय ना. आजचं कालच्याशी ताडून बघितलं तर सारखंच दिसतं. परवा वरच्या मजल्यावरच्या बाईच्या घरचं खाल्लं, तवा ध्यानात आलं मोसरू कसं असतं ते." दह्याला त्या अजून मोसरूच म्हणतात. "तिच्याकडून वाटीभर आणलंय. उद्यापासून तेच लावायचं."

"म्हणजे तुमचं उदगीरचं विरजण मोडणार?"

"मोडणार कशाचं? ते कधीच मोडलंय. आपण नुसतं नाव घेऊन राहिलो."

चमचा माझ्या हातात तसाच, आणि त्याला दह्याची तार लोंबत होती. नवरा म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि दोनची गाडी पकडली.

गाडीत शिरूर ताजबंदपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते. पुढे ते जमेना. नांदेडला पोचल्यावर खोली उघडली, मूळ अमिबांचा फ्लास्क घेतला, ज्यांचा जीन कुणी काढलाच नव्हता ते. त्यांना धुतलं आणि उपाशी बशीवर ठेवलं. हा साधा ताळा मी एप्रिलमध्ये केला नव्हता. सरांचे जुने फोटो होते ना.

सोमवारी संध्याकाळी बशी पाहिली. सपाट.

मंगळवारी सकाळी मी ती सरांपुढे ठेवली. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "ही आपली बदललेली ना?"

"नाही सर. ही मूळची."

त्यांनी पुन्हा पाहिलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत बसले. तो चष्मा स्वच्छच होता. "कल्चर किती जुनं आहे?"

मी सगळं सांगितलं. विरजण, तांब्या, उदगीर, तार, काहीही वगळलं नाही. सांगताना मला भीती वाटत होती आणि रंगवून सांगायचा मोहही आवरत नव्हता. जिभेची सवय.

"इतके दिवस नुसतं खाऊन खाऊन यांना गोळा होण्याचा विसर पडला," सर म्हणाले. "कुणाला गरजच पडली नाही. एमएस्सीच्या मुलांना मी यावर चार मार्कांचा प्रश्न टाकतो, मॅडम."

"मला किती?"

"शून्य." मग, "मलाही शून्य. तुम्हाला जुने फोटो मी दिले. एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवा, हे मी म्हणायला हवं होतं."

खिडकीबाहेर लिंबाखाली कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी म्हटलं, "सर, समिती खूश आहे. मुदत ऑगस्टपर्यंत आहे. आणि हे आपल्या दोघांनाच माहीत आहे."

हे मी बोलले. लिहिताना टाळता आलं असतं, पण बोलले.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमच्या सासूबाईंनाही माहीत आहे, मॅडम."

आम्ही दोघंही हसलो, आणि तिथेच ते मिटलं. सरांनी कागदावर हिशेब मांडला. बीजाणू जागे करायला आठवडा, झटका, विष, वाचलेल्यांची तपासणी. पहिल्या खेपेत जमलं तर सहा आठवडे. नाही जमलं तर दुसरी खेप जेमतेम बसते. तीही फसली तर प्रबंधात लिहायला काही उरत नाही. "आणि जीन काढून काहीच फरक पडला नाही तर?" मी विचारलं. सर म्हणाले, "तर तेही कळेल." तेवढ्यावर माझी डॉक्टरेट टांगलेली होती.

जुने फ्लास्क टाकायचे होते. आधी ऑटोक्लेव्ह नावाच्या आमच्या मोठ्या कुकरमध्ये शिजवायचे आणि मग मोरीत ओतायचे. मी पाठ फिरवून उभी राहिले. सरांनी ओतलं.

पहिली खेप फसली. वाचलेले सगळेच्या सगळे खिडकीतून घुसलेले निघाले. जूनमध्ये दुसरी खेप लावली आणि एसी बंद पडला. दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येणार म्हणाला. मी बाजारातून माठ आणला, वाळूत बसवला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि बाटल्या आत सोडल्या. तासातासाला पाणी शिंपडत दोन दिवस काढले. विभागप्रमुख दोनला आले, एसी बंद बघून दारातूनच म्हणाले, "तब्येत?" मी म्हटलं, "त्यांची बरी आहे सर. माझी विचारू नका." ते परत गेले. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतला टेबलफॅन घेऊन शिपाई आला. माठावर वारा लागावा म्हणून.

जुलैच्या सुरुवातीला तीन बरोबर निघाले. दोन्ही शेजारी जागेवर, मधला बदललेला. या वेळी एकाच बशीत डावीकडे मूळचे, उजवीकडे बदललेले, एकाच दिवशी उपाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सर दोघंही सूक्ष्मदर्शकापाशी एकदमच पोचलो आणि "तुम्ही बघा", "नाही, आधी तुम्ही" असं लखनौसारखं चाललं. शेवटी मी पाहिलं.

डावीकडे मोत्याचं टोक असलेल्या टाचण्यांचं शेत उभं होतं. आठ महिने सांभाळलेल्या त्या फ्लास्कने मला हे कधी दाखवलं नव्हतं. उजवीकडे टाचण्या नव्हत्या. पण बशी सपाटही नव्हती. ते गोळा झाले होते. हाक त्यांना ऐकू आली होती. गोगलगाई तयार झाल्या होत्या आणि त्या सरपटत होत्या.

"थोडा उशीर होत असेल," सर म्हणाले.

संध्याकाळी त्या चालतच होत्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बशीच्या उजेडाकडच्या काठाला पोचल्या आणि काठाकाठाने पुढे निघाल्या. डावीकडच्या टाचण्या कधीच वाळायला लागल्या होत्या. म्हणजे माझा जीन गोळा होण्याचा नव्हताच. तो थांबण्याचा होता. आता चालणं पुरे, इथे उभे राहा, असं सांगणारा. एप्रिलच्या निकालाच्या अगदी उलट टोकाचा. सर म्हणाले, "मॅडम, हे जास्त चांगलं आहे." आठवड्याला दोनदा नांदेड-लातूर करणाऱ्या बाईला त्या गोगलगाईंबद्दल जे वाटायचं ते वाटत होतं.

रविवारी लातूरला आत्याबाईंना मोबाइलवर चित्रफीत दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"कुठं निघालेत हे?"

"उजेडाकडं."

"आन् थांबत न्हाईत?"

"थांबवणारा मी काढून टाकला ना."

"मग घाल की परत. दमतील की बिचारे."

सोमवारी सर म्हणाले, "मॅडम, खात्री हवी असेल तर आता एकच राहिलं. काढलेला जीन परत घालायचा. त्याने थांबले, तर आपण म्हणतो ते खरं." मी म्हटलं, "घरून कालच तशी सूचना आली आहे." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जीन परत घातलेल्या गोगलगाई निघाल्या, थोडं चालल्या, थांबल्या, आणि शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या.

समितीपुढे मी सुरुवातच अशी केली की एप्रिलमध्ये मी सांगितलेलं चुकीचं होतं, आणि का चुकलं ते. विभागप्रमुखांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता ते मुदतीचं काढतील.

"मग ते पेढे?" ते म्हणाले.

"परत करू का सर?"

"परत कशाला. पण ते चुकीच्या निकालाचे झाले. बरोबर निकालाचे अजून यायचेत." मग कागद पुढे ओढून सही केली. सही करताना मात्र त्यांनी प्रत्येक पान उलटून पाहिलं, फोटोंसकट. पहिल्यांदाच.

शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी मी प्रबंध दिला. त्यात एक लहान प्रकरण जुन्या कल्चरचं आहे. सरांचा आग्रह. तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. बाहेरचे परीक्षक काय विचारतील माहीत नाही, पण त्या प्रकरणावर विचारलं तर माझं उत्तर लांबेल. गेटवरचा फ्लेक्स उन्हाने फिका झाला आहे. प्राचार्यांनी विचारलं, मजकूर बदलायचा का? मी म्हटलं, कोणतं संशोधन ते लिहिलेलंच नाही, असू दे.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात माझा एक फ्लास्क असतो. मुलांना फळ्यावर पोट भरलेला अमिबा काढून झाला की मी उपाशी अमिबा दाखवायला नेते. सरांनी दिलेल्या बीजाणूंची नळी स्टाफरूमच्या फ्रीजमध्ये, आत्याबाईंनी माझ्या डब्यात दिलेल्या दह्याच्या शेजारी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला चांगला चालता फ्लास्क शिजवून मोरीत ओतायचा असतो. ओतताना मी अजून तोंड फिरवते. मग फ्रीज उघडते आणि नळीतले चार खडे काढते.